समजा, एक खलाशी

डॉ. प्रॉसर हल शहरात उतरल्या त्या ऑक्टोबरात
कोटाचा रंग वेल्सच्या खाणीतल्या दगडी पाटीसारखा,
बरोबर एकच ट्रंक, तीही दोरीनं बांधलेली.
विभागप्रमुख म्हणाले, मनाच्या तत्त्वज्ञानाची जागा आहे,
तात्पुरती.
ती एकतीस वर्षं तात्पुरती राहिली.

मी टंकन करायची.
माझ्या यंत्राची 'पी' अडकायची,
म्हणून 'पेन' हा शब्द दर वेळी
जोर लावून दाबावा लागे.
पहिल्याच हस्तलिखितात तो नऊशे वेळा.
बाई, माझं बोट दुखतं हो, मी म्हटलं एकदा.
त्या हसल्या नाहीत. विचारलं,
"नक्की कुठे?"

मन म्हणजे काय ते मला त्यांनी कधी सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
पण एकदा डबा खाताना सहज बोलून गेले
आमच्या क्लिफबद्दल:
बेअर आयलंडच्या पाण्यात
ट्रॉलरच्या विंचनं दोन बोटं नेली त्याची,
आणि अजून त्याच करंगळीला खाज सुटते.
टेबलाच्या कडेशी बसून
तो हवा खाजवतो.

त्यांचा चहा निवला.
"बरं वाटतं खाजवून?"
कधी कधी, मी म्हटलं.
मी खाजवलं तर जास्त.

वसंतात निबंध तयार झाला.
पान तीन: "समजा, एक खलाशी..."
दोन बोटं होती, विंच होतं, खाज होती.
बायको नव्हती.
मी एक अक्षर न बदलता टंकलं.

मग तो खलाशी जो निघाला, तो निघालाच.
व्हिएन्नाला गेला, कॅनबेराला गेला,
तिथल्या कुणी त्याचा अख्खा हात कापला,
एका अमेरिकनानं तर खलाशीच काढून टाकला,
काचेच्या बरणीत नुसता मेंदू ठेवला
आणि खाज तशीच.
क्लिफ म्हणाला, मला जगभर हिंडवलं
आणि भत्त्याची एक पेनी नाही!

बाईंनाही फारसं काही मिळालं नाही.
बढती दोनदा हुकली.
पुस्तक एकच, एकशे बारा पानांचं,
दुसरं कायम "पुढच्या उन्हाळ्यात".
मग ते तक्ते भरायचे दिवस आले,
किती निबंध, किती विद्यार्थी, खर्च किती.
"उपयोग" या रकान्यात त्यांनी एक रेघ ओढली,
पट्टी धरून, सरळ.
पुढच्या वर्षी विभागाला टाळं.
बाईंना समाजशास्त्राच्या जिन्याखाली खोली मिळाली,
डोक्यावरून दिवसभर मुलांची पावलं.
त्या म्हणत, विचार असाच ऐकू येतो मला, वरून.

निरोपाला घड्याळ दिलं त्यांना.
ते पाच मिनिटं मागं पडायचं.

क्लिफ गेला त्या फेब्रुवारीत
त्या आल्या, दोन गाड्या बदलून, त्याच कोटात.
दफनानंतर सँडविचची बशी हातात घेऊन
माझ्या शेजारी बसून राहिल्या. काही विचारलं नाही.
मीच सांगितलं.
रात्री जाग येते. त्याच्या बाजूची चादर थंड असते.
तरी माझा हात जातो,
करंगळी जिथं नव्हती तिथं,
आणि मी खाजवते.
आता ती खाज कुणाची, बाई?

त्यांनी पर्स उघडली.
पेन्सिल काढली.
पेन्सिल परत ठेवली.
"मिसेस हॉलरॉइड, हे मी वापरणार नाही."

वापरा की, मी म्हटलं.
फक्त या वेळी
बायकोलाही घाला.

ते कुठं छापून आलं का, ठाऊक नाही.
टंकनाला मी नव्हते.